तलावावरची साय

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शामला नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून मोहखेडीला आली, तेव्हा गावच्या तलावात जेमतेम कमरेएवढं पाणी उरलं होतं. नरखेडच्या बाजूचं हे संत्र्यांचं गाव. विहिरी होळीच्या आधीच आटल्या होत्या. माणसं, गुरं, उरलीसुरली झाडं, सगळ्यांची मदार त्या तलावावर.

सरपंच नानाजींच्या ओट्यावर बसून शामलानं लोकांना समजावलं. गाव पितं त्याहून जास्त पाणी ऊनच उडवून नेतं. ही मेणासारखी पावडर पाण्यावर पसरली की तिचा पातळ थर धरतो आणि वाफ कमी होते. पिण्याला अपाय नाही.

"दुधावर साय धरते, तसं समजा. फक्त ती फाटू द्यायची नाही. म्हशी पाण्यात उतरवायच्या नाहीत."

मागे बसलेली अंजनाबाई पुढे सरकली. ती विधवा, दोन म्हशींच्या दुधावर तिचं घर चालायचं. शामला तिच्याकडेच उतरली होती.

"उन्हाची म्हैस पाण्यात नाही बसली तं दूध काय देईन वं, बाई?"

"अंजने, पाणीच नाही राह्यलं तं तुह्या म्हशी पेतीन काय?" नानाजी म्हणाले. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती बादलीनं पाणी आणून म्हशींच्या अंगावर शिंपडू लागली.

पहिला आठवडा वारा पडलेला होता. रोज सकाळी शामला डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, पावडर पसरायची आणि पाण्यात रोवलेल्या खुंटीवरची पातळी बघायची. पाणी खरंच हळू उतरत होतं. लोक संध्याकाळी काठावर येऊन त्या गुळगुळीत पाण्याकडे बघत बसायचे. शामलाला त्या दिवसांत छान झोप लागायची.

मग पश्चिमेकडून झळा सुटल्या. दुपारपर्यंत सगळा थर पूर्वेच्या काठाला पांढऱ्या फेसासारखा गोळा झाला आणि बाकीचं पाणी उघडं पडलं. तिनं पुन्हा पसरला, वाऱ्यानं पुन्हा लोटला. पावडरचं पोतं रिकामं होत चाललं.

"पाण्यात आडवे कूड घातले तर वारा अडेल," ती नानाजींना म्हणाली. "पराट्यांचे."

पराट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घराघरातलं पुढच्या हंगामापर्यंतचं सरपण. नानाजी उठले आणि आपल्या कोठ्यातल्या मोळ्या त्यांनी स्वतः बाहेर काढल्या. ते बघून बाकीच्यांनीही काढल्या. अंजनाबाईनं चुलीपुरत्या मागे ठेवून सगळ्या दिल्या. दोन दिवस अख्खं गाव गाळात उभं राहून कूड रोवत होतं.

कुडांच्या मधलं पाणी शांत झालं. "धरली वं साय!" अंजनाबाई काठावरून ओरडली. बायका हसल्या. शामलाही हसली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ. कूड एकामागून एक आडवे झाले. शामला पाण्यात शिरून मोळ्या धरू लागली. तिचे हात सोलवटले, एक धरावी तोवर दुसरी वाहून जाई. शेवटी नानाजींनी तिचा दंड धरला.

"सोडा, बाई. वाऱ्यासंगं कोन भांडन?"

सकाळी तलावात काड्या, धूळ आणि गढूळ पाणी होतं. सरपण भिजून कुजायला लागलं होतं. तिला कोणीच काही बोललं नाही. कोणी बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ती नागपूरला प्रयोगशाळेत आणखी पावडर मागायला गेली. साहेब तिचे आकडे बघून खूश झाले. वारा नसतानाचे निकाल उत्तम होते.

"सर, पण तिथे वारा आहे."

"तो पुढचा टप्पा. पावडर पावसाळ्याआधी येत नाही. तुम्ही मोजणीची उपकरणं परत आणा."

मे संपता संपता ती जीपनं मोहखेडीला गेली. तलावाच्या जागी भेगाळलेला गाळ होता. मधोमध झिरा खणून अंजनाबाई वाटीनं पितळेच्या गुंडात, घागरीत, पाणी भरत होती.

"मावशी, म्हशी?"

"एक मेली. एक भावाकडं वरुडले धाडली." तिनं वर पाहिलं. "तुमच्यापाशी दुसरं काही औषध नाही काय वं? तिकडं मोठे मोठे लोक आहेत म्हंतात."

"नाही, मावशी."

"असू दे. तू तरी काय करशीन?"

शामला झिऱ्याशी बसली आणि तिनं वाटी घेतली. पाणी तळाशी साचायला फार वेळ लागत होता. अर्धी वाटी झाली की ती गुंडात ओतायची आणि पुन्हा वाट बघायची. बांधावर ड्रायव्हरनं उपकरणं जीपमध्ये चढवली, हॉर्न दिला. गुंड अजून पाव भरला नव्हता. तिनं वाटी अंजनाबाईच्या हातात परत दिली आणि उठली.