नावाला इस्त्री

लोक तिच्या बाबांना जनसंपर्क सल्लागार म्हणत. बाबा स्वतःला म्हणत, इस्त्रीवाला! चुरगळलेलं नाव आणा, कडक घडी घालून न्या. दुधात भेसळ करणाऱ्या डेअरीला त्यांनी घरोघरच्या बाळांची मावशी करून दाखवलं. भलताच गुडघा कापणाऱ्या डॉक्टरला वर्षाच्या आत सत्कार मिळवून दिला. दोनदा त्यांच्यावर खटला झाला. एकदा तर कुणीतरी ऑफिसच्या दाराला काळं फासलं. बाबांनी त्या दाराचा फोटो काढला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला, "बघा, माझं काम लोकांना किती लागतं!"

लेक पोट धरून हसली होती. तिला बाबा भारीच वाटायचे, आणि सगळ्यात भारी त्यांची युक्ती. "प्रश्न विचारला की माणूस सावध होतो, बाळा. नुसतं 'मग?' म्हणायचं. तो आपणहून सांगत सुटतो."

सोमवारी शाळेच्या व्यायामशाळेतली भिंतीवरची शिडी निखळली आणि लेकीची जिवलग मैत्रीण धाडकन खाली आली. उंचीमुळे अख्खा वर्ग तिला जिराफ म्हणायचा. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. शिडीचे बोल्ट हलतायत, हे जिराफने सरांना तीनदा सांगितलं होतं. सरांनी वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्या दिवशी जेवताना बाबा लोण्यासारखे मऊ होते. "बिचारी. शांत पोरगी हो."

"शांत? ती?" रडून लेकीचा घसा बसला होता, पण जिराफचा विषय निघाला की तिला राहवायचंच नाही. "वेडी आहे ती, बाबा! मागच्या वर्षी गच्चीच्या कठड्यावरून चालली, पैजेवर!"

"मग?"

"मग काय, हात पसरून, सर्कशीतल्यासारखी! मी तर डोळेच मिटले."

"मग?"

तिने सगळं सांगितलं. एवढंच नाही सांगितलं, की पैज तिनेच लावली होती.

बुधवारी पेपरात बातमी आली, 'जीवघेण्या पैजांचा नाद भोवला. जवळच्या मैत्रिणीची माहिती'. खाली शाळेची बाजू मांडणारे म्हणून बाबांचं नाव.

लेक तशीच दवाखान्यात पळाली. जिराफची आई तिला बघताच उठून खोलीबाहेर गेली. जिराफ छताकडे बघत होती.

"गच्चीवर आपण दोघीच होतो."

"अगं, मला कुठे माहीत होतं, बाबा..."

"पैज तू लावलीस. तेवढंच बरं विसरलीस!" जिराफने उशीखालून एक कागद काढला. "सर आले होते. शाळेची माफी मागायची म्हणे, शुक्रवारपर्यंत. तरच परीक्षेला बसता येईल. मी फक्त सही करायची. मजकूर तुझ्या बाबांचा आहे. छान लिहितात गं."

घरी बाबा चहा पीत होते. ती ओरडली, रडली, कागद मागे घ्या म्हणाली. बाबांनी शांतपणे घोट घेतला.

"तुझं नाव कुठे आलंय का? पैज कुणी लावली, ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. आपण दोघं एकाच धंद्यातले आहोत, राणी."

ती तोंड धुवायला गेली. नळ सोडला. बातमी लिहिणाऱ्या बाईंचा नंबर पेपरातच होता. तिने तो लावला.

"ती जवळची मैत्रीण मीच. पैज मी लावली होती, तीही गेल्या वर्षी. शिडीशी काही संबंध नाही. माझ्या नावासकट छापा. आणि आता फोन ठेवू नका. नुसतं ऐका."

बाहेर येऊन तिने फोन बाबांच्या कपाशेजारी पालथा ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"सॉरी, बाबा. तुम्ही म्हणजे ना, खरंच कमाल आहात. सरांच्या वहीत तर जिराफची तक्रार होती म्हणे."

बाबांचा चेहरा उजळला. शेवटी लेकीला धंद्याची गोडी लागली!

"होती ना. तिन्ही तारखांसकट."

"मग?"

"मग मी सरांना म्हटलं, एवढं घाबरता काय, वही काय पुन्हा लिहिता येत नाही?" बाबांनी कप बाजूला सारला, खुर्ची जवळ ओढली आणि सांगत सुटले.