पाहुण्यांना भूक लागावी म्हणून

"लग्नाला बोलावलंय की सैन्यभरतीला?"

टेकडीच्या अर्ध्या वाटेवर, मावशीच्या पाठीमागे अगदी खेटून, नवरदेवाचे काका पुटपुटले. पुटपुटले म्हणजे त्यांच्या हिशेबाने. पुढचे आणि मागचे, दोन्हीकडचे पाहुणे वळून बघायला लागले.

"अरे, हळू! ऐकू जाईल त्यांना," नवरदेवाची आत्या म्हणाली.

"जाऊ दे की. सकाळी चहा आणि एक टोस्ट. एक! आणि वर हा डोंगर. माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झालेत."

मावशीला सगळं ऐकू आलं आणि मनापासून बरं वाटलं. योजना लागू पडत होती. तिने गळ्यातली शिट्टी फुंकली. "चला, चला! श्वास नाकाने! वरून तलाव फार सुंदर दिसतो!"

मावशी म्हणजे नवरीची मावशी. शाळेत व्यायाम शिकवण्यात तिचा जन्म गेलेला, त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी परगावच्या पाहुण्यांना फिरवून आणायचं काम तिच्याकडे आलं यात कुणालाच नवल वाटलं नाही. टेकडी, घड्याळांचं संग्रहालय, तलावात नाव वल्हवणं आणि मग तलावाकाठी तिच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या खाणावळीत जेवण. व्याह्यांकडचे लोक खूश झाले. मुलीकडचे किती हौशी आहेत म्हणाले.

हौस कसली डोंबलाची! मावशी आणि नवरीची आई, म्हणजे ताई, या दोघी बहिणींनी स्वयंपाकघराचं दार लावून हा बेत ठरवला होता, आणि त्यामागे एकच हेतू होता. पाहुणे इतके दमले पाहिजेत, इतके भुकेले झाले पाहिजेत, की दादाच्या हातचं पुढ्यात येईल ते त्यांनी मुकाट गिळलं पाहिजे.

कारण दादाचा हात बिघडला होता. कधी रस्सा अळणी, कधी जिभेला चटका बसेल इतका खारट, तर एकदा खिरीत चक्क मीठ. मोठ्या तापातून उठल्यापासून हे सुरू झालं. एके काळी त्याच्या खाणावळीबाहेर लोक ताटकळत उभे राहायचे. आता तलावावर आलेला माणूस एकदा जेवायचा आणि दुसऱ्यांदा घरून डबा आणायचा. हाताखालची माणसं दादाला टरकून असत, ती कशाला बोलतील?

आणि बहिणींनी तरी कोणत्या तोंडाने बोलावं? आईबाप लवकर गेले. मिसरूड फुटायच्या वयात दादाने चूल हातात घेतली आणि दोघींना खाऊ घालून मोठं केलं. तापातून उठून त्याने पहिल्यांदा रस्सा केला, तो निव्वळ गरम पाणी होता. समोर हाडं वर आलेला दादा, हातात डाव, डोळे या दोघींच्या तोंडांवर. ताई म्हणाली, "वा!" मावशी म्हणाली, "वा वा!" झालं. तेव्हापासून दर रविवारी वा वा चालू होतं. दोघींच्या पर्समध्ये मिठाची पुडी असे, आणि रुमाल काढायच्या निमित्ताने ती टेबलाखाली उघडली जाई. खारट निघालं तर मात्र पुडीचा उपयोग नव्हता. मग नुसतं मूग गिळून बसायचं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भाचीचं लग्न ठरलं आणि दादा छाती पुढे काढून म्हणाला, "लग्नाचं जेवण माझ्याकडे. दुसऱ्या कुणाचा आचारी मांडवात दिसला तर मी येणारच नाही." उद्या सगळं गाव आणि सगळे व्याही त्या पंक्तीला बसणार होते. ताईने रडून घेतलं. पण दादाला सांगायचा विषय निघाला की एक म्हणे तू सांग, दुसरी म्हणे तू मोठी. त्यापेक्षा पाहुण्यांना डोंगरावर चढवणं सोपं वाटलं.

"आज निभावलं तर उद्याही निभावेल," ताईचं म्हणणं. "उद्या सकाळी त्यांना परत टेकडीवर ने."

टेकडी उतरल्यावर पायथ्याशी एक बाई कणसं भाजत बसली होती. खरपूस वास सुटला तशी अख्खी वरात आपोआप तिकडे वळली. मावशी आडवी झाली. "नको, नको! जेवणाची रुची जाईल!"

"जाऊ द्या," काका म्हणाले. "मी दुसरी आणेन."

"काका, रांगेत!"

संग्रहालयातल्या घड्याळांमध्ये प्रत्येकाचा काटा वेगळीकडे होता. काका एकाच घड्याळापुढे हटून उभे राहिले. "हे बरोबर आहे. यात जेवणाची वेळ होऊन गेलीय." आत्या मात्र एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, फारच मन लावून एक लंबक न्याहाळत होती. मावशी दबकत मागून गेली. आत्याच्या गालात बिस्कीट होतं.

"आत्या!"

"औषधाआधी खावं लागतं हो," आत्या तोंड न उघडता म्हणाली.

"कुठलं औषध?"

"तेच तर आठवत नाहीये."

मावशीने पुडा जप्त केला. गेल्या कित्येक वर्षांत इतकं दुष्ट काम तिने केलं नव्हतं, आणि त्या पुड्याच्या वासाने तिच्याही पोटात कावळे ओरडायला लागले होते, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

नावेत तर कहरच झाला. काका आणि आत्या एकाच नावेत बसून एकमेकांच्या विरुद्ध वल्हवत होते, त्यामुळे नाव जागच्या जागी गोल फिरत राहिली. "अरे, डावीकडे!" "माझी डावी की तुझी?" शेवटी काका उभे राहून काठाकडे हात करून ओरडले, "मावशी! जे असेल ते वाढा! दगड वाढा!"

मावशीचा जीव भांड्यात पडला. पाहुणे पिकले होते.

खाणावळीच्या दारात ताई मांडवाची कामं टाकून आली होती. चेहरा चुन्यासारखा. "कसे आहेत?"

"दगड मागतायत."

"देवा, तेवढी वेळ न येवो."

मंडळी बसली. दादाने स्वतः सूप आणलं. बटाटे आले, भात आला. नेहमीप्रमाणे वाढताना त्याचं ताटाकडे लक्ष नव्हतं. तो वाढायचा आणि समोरच्याचं तोंड बघायचा. मग आत जाऊन खिडकीशी उभा राहिला आणि तिथूनही तोंडंच बघत राहिला.

काकांनी सुपाचा मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, मग त्यांत पाणी आलं. ताईने मावशीचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. काकांनी आत्याकडे बघितलं. आत्याने घोट घेतला, गिळला, आणि ओठांना रुमाल लावून म्हणाली, "वा!"

"वा," काका म्हणाले. आवाज बसला होता. "वा वा."

बघता बघता सगळं टेबल वा वा करायला लागलं. चांगली माणसं होती बिचारी. मुलीकडच्यांचं मन कसं मोडायचं, म्हणून पाण्याचे जग रिकामे करत होती.

"जमलं," ताई पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात खिडकीतून दादाचा आवाज आला. आत आपल्या माणसांना सांगत होता, आणि त्या आवाजात इतका आनंद होता की मावशीला तो बालपणापासून ओळखीचा असलेला दादा एकदम आठवला. "बघितलंत? पाहुण्यांना आवडलं! उद्याही हाच हात ठेवा. तसूभर इकडेतिकडे नको."

मावशी उभी राहिली. का कुणास ठाऊक, तिने शिट्टी फुंकली. सगळे चमचे थांबले.

"दादा, बाहेर ये."

दादा हात पुसत आला.

"सूप खारट आहे," मावशी म्हणाली. "पिववत नाही इतकं खारट आहे."

काकांनी एकदम बटाट्यांचा अभ्यास सुरू केला.

दादा हलला नाही. "मागच्या रविवारचा रस्सा?"

"अळणी."

"त्याच्या आधीचा?"

"ते काय होतं तेच कळलं नाही, दादा," ताई म्हणाली आणि हुंदका देता देता तिला हसूच फुटलं.

दादाने बाक ओढला आणि पाहुण्यांच्या मधोमध बसला. खाणावळीत तो कधी बसलेला कुणी बघितला नव्हता. "मग वा वा कसलं करत होतात गं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मी तुमची तोंडं बघून मीठ घालत होतो! तुम्ही हसलात की म्हणायचो, जमलं, आता एवढंच घालायचं." त्याने काकांच्या पुढचं सूप ओढून घेतलं, चमचाभर तोंडात घातलं, आणि पाण्याचा घोट घ्यावा तसं गिळलं. "उद्या दोघी चुलीशी येऊन उभ्या राहा. आणि खरं बोला, माझ्या आयांनो. त्या तापापासून मला कशाचीच चव लागत नाही."