तापचानाची जागा

माणसाचे प्रत्येक दुखणे बुडाखालच्या थंडीतून वर चढते, असे सांगून सातिबाल्दी यांनी स्वतःच्या अंगाखालचा लोकरी नमदा ओढून काढला आणि सुनेच्या दिशेने सरकवला. जुलै चालू होता. समोवाराशेजारच्या ज्या दगडावर आयझिरेक क्षणभर टेकली होती, त्यावर सकाळी मांजर बसायला गेले होते आणि ओरडून उठले होते.

"दगडावर बसू नकोस, पोरी. कितीदा सांगायचं?"

"नाही बसत, अता," आयझिरेक म्हणाली. सासऱ्यांकडे पाठ होऊ न देता ती नमदा घेऊन चार पावले मागे सरकली आणि दगड सोडून उभीच राहिली.

सातिबाल्दी गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. विषय जीवशास्त्र. फळ्यावर दोन मूत्रपिंडे, त्यांच्या दोन नळ्या आणि खालची पिशवी ते एका दमात काढत. खडू उचलावासुद्धा लागत नसे. त्या पिशवीच्या पुढे काय होते, ते पान मात्र त्यांनी आयुष्यभर "घरी वाचा" म्हणून सोडून दिले, कारण वर्गात मुली असत. जंतूंचा धडाही त्यांनी तीसेक वर्षे शिकवला. पण जंतू परीक्षेपुरते, घरात थंडी.

अंगणाच्या मधोमध त्यांचे तापचान होते: चार पायांचा, कठड्याचा, सात-आठ माणसे मांडी घालून बसतील एवढा लाकडी मंच. बर्फ वितळले की सातिबाल्दी त्यावर चढत आणि सफरचंदे उतरवायच्या वेळी खाली येत, असे गावात म्हणत. तिथून फाटक दिसे, रस्ता दिसे, रस्त्यावरून कोण कुणाकडे चालले आहे ते दिसे. घरापासून बागेच्या टोकाला संडासाकडे जाणारी पायवाटही दिसे, पण पाहण्यासारखे तिथे काही नसल्यामुळे त्यांनी ती कधी पाहिली नव्हती.

आयझिरेक गेल्या शरदात या घरात आली. मुलगा उलुकमान वसंतात रशियाला बांधकामावर गेला, आणि ती राहिली सासू-सासऱ्यांजवळ, पांढरा रुमाल कपाळापर्यंत ओढून. तेव्हापासून तिला ही थंडी तिसऱ्यांदा बाधत होती. सासू बुरुल हिने उपचारांत कसूर केली नव्हती. पोटावर गरम मिठाची पुरचुंडी, कमरेला मेंढीच्या शेपटीची चरबी, भर उन्हाळ्यात लोकरी पायमोजे, आणि डोंगरातून आणलेल्या पाल्याचा कडू काढा, वाडगाभर, दिवसातून तीनदा. आयझिरेक वाडगा दोन्ही हातांनी घ्यायची, आदराने वाकायची आणि आत जाऊन प्यायची. खिडकीखालची गुलखैऱ्याची झाडे यंदा एवढी का माजली, याचे मात्र सातिबाल्दी यांना नवल वाटत होते.

त्या दिवशी ती चहा ओतत होती. पियालीतला चहा दस्तरखानाच्या कापडावर सांडला. तिने ओठ घट्ट मिटले आणि दुसरा हात कमरेमागे दाबून धरला.

"काय गं?" बुरुलने कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "अहो, तव्यासारखी तापलीय पोर! जोल्दोशला म्हणावं गाडी काढ."

जोल्दोश म्हणजे सातिबाल्दी यांचा धाकटा चुलत भाऊ, मागच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. त्याच्या गाडीचे मागचे दार आतून उघडत नसे, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळे गुमान बसून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी आधी सातिबाल्दी यांना बाहेर काढले.

"मी जीवशास्त्र शिकवायचो," ते म्हणाले.

"तरी बाहेर, अता."

ते बाहेरच्या बाकावर बसले. दाराची कडी तुटकी होती. दार लोटले की हळूच पुन्हा वीतभर उघडे.

"जळजळ होते लघवीला?" आतून आवाज आला.



"थंडी बाधलीय हो तिला," बुरुल म्हणाली. "दगडावर बसते."

"आई, जुलै आहे. मागच्या वेळी गोळ्या दिल्या होत्या ना? संपवल्या?"

"दोन दिवसांत बरं वाटलं की तिला. मग उगाच कशाला? उरलेल्या गायीला दिल्या. तिलाही बरं वाटलं."

आत कागद उलटल्याचा आवाज आला.

"हे थंडीनं होत नाही. जंतूंनी होतं. अर्ध्यात औषध सोडलं की उरलेले जंतू पुन्हा उठतात. आता ते वर चढलेत, पार मूत्रपिंडापर्यंत. आणि पोटात तीन महिन्यांचं मूल आहे. असंच चालू राहिलं तर ते दिवस भरायच्या आधी येईल. नाहीतर..."

डॉक्टरीणबाईंचा आवाज आयझिरेककडे वळला.

"पाणी किती पितेस, बाळा?"

"पिते."

"खरं सांग."

"अर्धी पियाली. सकाळी."

"आणि काढा?" बुरुलने विचारले. "वाडगे भरभरून देत होते तो?"

"खिडकीतून ओतते, एने."

"अगं बाई!"

"प्यायलं की मग जावं लागतं."

"गरोदरपणी तो काढा नकोच. ओतलास ते बरंच केलंस," डॉक्टरीण म्हणाली. "पण लागली की जायचं. एवढं अवघड काय त्यात?"

यावेळी आयझिरेकचा आवाज इतका खाली गेला की सातिबाल्दी यांनी नकळत मान दाराकडे वळवली.

"दिवसा कशी जाऊ? अता समोर बसलेले असतात. उजाडायच्या आधी जाऊन येते. मग ते निजल्यावर."

सातिबाल्दी यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली, आतले अस्तर नीट तपासले आणि पुन्हा सुलटी केली. समोर हात कसे धुवावेत याचे चित्र लावले होते. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येतच राहिला. भरपूर पाणी, धरून ठेवायचं नाही, पुसताना पुढून मागे, गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत, बरं वाटलं तरी. त्यांनी ते चित्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

जोल्दोश गाडी सावलीत लावून आला. "काय म्हणते डॉक्टर?"

"थंडी म्हणते," सातिबाल्दी म्हणाले.

आयझिरेकला इंजेक्शनांसाठी तिथेच ठेवून घेतले. सकाळी घरी सातिबाल्दी यांनी चहा न घेताच बाह्या वर केल्या आणि जाहीर केले की तापचान घराच्या मागे न्यायचे.

"का?" जोल्दोशने विचारले. त्याला पाय धरायला बोलावले होते.

"ऊन फार लागतं इथं."

"एवढी वर्षं काय चंद्र होता?"

"तू पाय धर."

"मागे आहे काय, अके? नुसती भिंत. तीही कमरेएवढी. रस्ता नाही, माणूस नाही."

"मला भिंत बघायला आवडते."

"घरधनिणीनं, बायबिचेनं हाकललं वाटतं अंगणातून! वहिनी, खरं सांगा, काय केलं यांनी?"

 ओढणी कमरेला खोचून बुरुल आली आणि एक कोपरा तिने उचलला. तिचीच बाजू सगळ्यात वर राहिली. खरे कारण बोलता येण्यासारखे नव्हते; ते बोलणे हे तापचान तिथेच ठेवण्यापेक्षा वाईट झाले असते. त्यामुळे उन्हावर सगळ्यांनी थोडा वेळ चर्चा केली.

पोर आठवड्याने घरी आली. चेहऱ्यावर रंग होता. डॉक्टरीण म्हणाली होती, मूल ठीक आहे. सकाळी सातिबाल्दी मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसले. घराच्या पलीकडून पाण्याच्या भांड्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. थोड्या वेळाने दार करकरले आणि हलकी पावले बागेकडे गेली. घाई नव्हती. परतताना तर ती मध्येच कुठेतरी थांबली. बहुधा जर्दाळू उचलायला. सातिबाल्दी यांनी पियाली उचलली. फळ्यावरचे चित्र पुरे झाल्यावर खडू झटकत, तसे त्यांनी गुडघ्यावरचे नानचा चुरा झटकला.

मग दार पुन्हा करकरले.

ही पावले जड होती. डाव्या गुडघ्यात कटकट वाजणारी. ती बागेकडे गेली आणि आपल्या वेळाने परत आली. ऊन चांगलेच वर आले होते.

सातिबाल्दी पियाली हातात धरून राहिले. बुरुल कोंबड्याच्याही आधी उठते, हे त्यांनी मुलाच्या लग्नातल्या भाषणातही सगळ्यांना सांगितले होते. त्यांची आई पंचवीस वर्षे पुढच्या अंगणात बसायची, वडीलही, आणि मग ते स्वतः. बुरुलला दर काही महिन्यांनी ताप यायचा. कंबर धरून बसायची. नदीच्या गार पाण्यात कपडे धुते, ऐकत नाही, असे ते म्हणायचे आणि चरबी आणून द्यायचे.

ती नान घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारले, "बायबिचे, तू पण?"

बुरुलने नान मोडून त्यांच्यापुढे ठेवली. मोठा तुकडा त्यांच्या बाजूला केला.

"घ्या," ती म्हणाली. "आत्ताच काढलीय तंदूरमधून."

ती गेल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. भिंतीपलीकडे जोल्दोशची बाग होती आणि बागेच्या टोकाला जोल्दोशच्या घरचा संडास. जोल्दोशची धाकटी सून पाण्याची झारी घेऊन घरातून बाहेर पडली, अर्ध्या वाटेवर आली आणि भिंतीवरून तिला सातिबाल्दी दिसले. तिने रुमाल पुढे ओढला, त्यांना वाकून सलाम केला आणि झारी घेऊन ती परत घरात गेली.