पार्वतीबाय बिल्बाओला निघाली

वेसाव्याच्या कोळीवाड्यात, देवळामागच्या गल्लीतल्या घरात नमिता आरशापुढे उभी राहून मोठमोठ्यानं बोलत होती. अंधेरी स्टेशनजवळच्या एका टूर कंपनीत ती कामाला होती आणि तिचे साहेब केयूरभाई यांनी तिच्या गळ्यात एक नवीन काम घातलं होतं. एके काळी कारखान्यांवर जगलेली, कारखाने बंद पडल्यावर मोडून पडलेली आणि पुन्हा उभी राहिलेली युरोपातली शहरं शोधायची, त्यांची सहल आखायची आणि सोमवारी गिऱ्हाइकांना ती समजावून सांगायची.

"बिल्बाओ," नमिता आरशातल्या स्वतःला म्हणाली. "स्पेनमधलं लोखंडाचं शहर. इथे पोलाद ओतायचे, जहाजं बांधायचे आणि सगळी घाण नदीत सोडायचे. नदी इतकी काळी झाली की तिच्यात जीव म्हणून उरला नाही. पुढे कारखाने बंद पडले, घरोघरी माणसं बेकार बसली. तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी नदी साफ करायची..."

"मासली परत आयली का गो?"

नमितानं वळून बघितलं. तिची सासू पार्वतीबाय जमिनीवर पाय पसरून कोलंबी सोलत बसली होती. मान खालीच, बोटं चालूच. पण प्रश्न विचारून ती उत्तराची वाट बघत होती.

"आली ना आई. इथे लिहिलंय तसं."

"कोनची?"

ते काही नमिताच्या कागदावर नव्हतं. तिनं फोन उघडला, शोधलं आणि एक व्हिडिओ सासूपुढे धरला. दगडी पूल, दोन्ही बाजूंना उंच घरं आणि खाली हिरवट पाण्यात माशांचा थवा वळत होता.

पार्वतीबायनं हात पदराला पुसले आणि फोन स्वतःकडे ओढला. "बोय!" ती ओरडली. "अगो, ही तर बोय हाय!"

लहानपणी ती आईबरोबर ओहोटीला खाडीत उतरायची. गुडघाभर चिखलात पाय घालून तिसऱ्या वेचायची, चिखलातले निवट्या मासे पकडायची. सांजेला बोय पाण्याबाहेर उड्या मारायची ती बघत बसायची. आता त्याच खाडीचं पाणी डांबरासारखं झालं होतं. नाल्यांचं तोंड तिकडेच, कचऱ्याचं तोंड तिकडेच. खाडीत काय मिळतं असं कुणी विचारलं तर कोळीवाड्यातली पोरं हसून सांगायची, प्लास्टिक. मेलेलं पाणी परत जिवंत होतं, हे पार्वतीबायनं अठ्ठावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मग म्हणाली, "मना हितं जावाचं हाय."

जेवताना तिनं ते नवऱ्याला सांगितलं. तुळशीदासचा घास हातातच राहिला. एके काळी तो स्वतःची होडी चालवायचा. गुडघे गेल्यापासून होडी मुलानं, परेशनं घेतली होती आणि तुळशीदास दिवसभर बंदरावर पत्ते खेळायचा.

"परदेशी? नदी बगाला?" तो हसायलाच लागला. "एकविरेला जातंस, तितं वाटेत इंद्रायनी लागतं. ती बग नि ये."

परेशही हसला. नमिता मात्र हसली नाही. तिनं सासूकडे बघितलं आणि तिला कळलं की हिचं ठरलंय.

अंधेरीच्या मासळी बाजारात पार्वतीबायच्या ओळीला बसणाऱ्या आठ जणींची भिशी होती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा दर वर्षी या बायका कुठे ना कुठे जायच्या. बहुतेक वेळा कार्ल्याला एकविरेकडे. एकदा केरळला जाऊन नारळाच्या तेलातलं कालवण खाऊन नाकं मुरडत परत आल्या होत्या. गेली तीन वर्षं मात्र त्या भिशीला हात लावत नव्हत्या, एकदा कुठेतरी लांब जायचं म्हणून. लांब म्हणजे कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर पार्वतीबायनं विषय काढला. बायकांनी ऐकून घेतलं आणि एकमेकींकडे बघितलं.

"पारू, येरी झालीस का?" हिरूबाय म्हणाली. हिरूबाय सुकी मासळी विकायची. ती पार्वतीबायची बालमैत्रीण आणि सगळ्यांत तोंडाळ. "जल्मभर बोयच बगतलीय. आता विमानात बसून बोय बगाला जावाचं?"

पार्वतीबायनं वाद घातला नाही. तिनं नमिताला बाजारात बोलावून घेतलं.

नमिता ऑफिसातून थेट आली. तिनं म्युझियमचे फोटो दाखवले. जुन्या धक्क्याच्या जागी, नदीकाठी उभी राहिलेली, चमचमत्या धातूच्या पत्र्यांनी मढवलेली इमारत. "ही तर रावसाची खवलं," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या, पण कुणी हललं नाही. मग तारांना टांगलेला पाळणा नदीवरून माणसं आणि मोटारी पलीकडे नेतो, तो पूल तिनं दाखवला. पाण्याला लागून असलेला भलामोठा मासळी बाजारही दाखवला. माना थोड्या पुढे आल्या.

मग तिनं एका पुतळ्याचा फोटो उघडला. बिल्बाओजवळच्या बंदरातली कोळीण. लुगडं नव्हे, घागरा. पण डोक्यावर टोपली, मान ताठ आणि पायांत चाल.

"पूर्वी या बायका बंदरावरून ताजी मासळी डोक्यावर घेऊन चालत शहरात जायच्या," नमिता म्हणाली. "दारोदार ओरडून विकायच्या."

हिरूबायनं फोन हातात घेतला आणि पुतळ्याच्या तोंडावर बोट ठेवलं. तिची आई वेसाव्याहून अशीच टोपली घेऊन जुहूपर्यंत चालत जायची.

"तिचा पुतला केला?" हिरूबायनं विचारलं. "मासली इकनाऱ्या बाईचा?"

"हो मावशी. भर रस्त्यात."

"मंग जावाचं," हिरूबाय म्हणाली. "काय गो, बसलाव काय अशा? जावाचं!"

आणि ठरलं.

त्यानंतर नमिताच्या आयुष्यात शांतता उरली नाही. आठ बायका, आठ मतं. तिनं पहिला आराखडा झकास बनवला होता. एक दिवस म्युझियम, एक दिवस द्राक्षांचे मळे, एक दिवस खरेदी. पार्वतीबायनं तो ऐकला आणि म्हणाली, "मल्यांचं काढ. मासली बाजार घाल."

"आई, सुट्टीत पण बाजार? इथे रोज तेच करता ना?"

"म्हनूनच. पहाटे मासली उतरते, तवाच न्यायचं. धा वाजता जाऊन काय उपेग? आनि नदी साफ केली ती मानसं भेटव. मना त्यांना इचारायचं हाय."

"काय विचारायचंय?"

"सुरवात कुटनं केली ते."

नमितानं मान डोलावली. तिनं बिल्बाओच्या त्या बाजारात ईमेल धाडला, आणि नदीचं पाणी तपासणाऱ्या एका संस्थेलाही. उत्तर येईल अशी तिला फारशी आशा नव्हती. पण आठवड्याभरात आलं. माइते नावाच्या एका मासळीवालीनं लिहिलं होतं की भारतातल्या मासळीवाल्या येणार हे ऐकून अख्खा बाजार खूश आहे, गाळ्यामागे त्यांना उभं करू, सुऱ्याही देऊ, फक्त गिऱ्हाइकांशी भांडायचं नाही. नमितानं शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा बाजारात इतका हशा झाला की कोंबडीवाले उठून बघायला आले.

संस्थेनंही कळवलं. एक बाई होडीतून त्यांना नदी दाखवणार होत्या.

पार्वतीबायचा पासपोर्ट जुनाच होता. दिराकडे मस्कतला जायचं म्हणून काढला होता, पण जाणं झालं नव्हतं. बाकीच्यांनी नवे काढले. एप्रिलच्या अखेरीस व्हिसाची तारीख मिळाली आणि आठही जणी ठेवणीतली लुगडी नेसून, गळ्यात सोनं घालून नमिताबरोबर व्हिसाच्या ऑफिसात गेल्या. पहारेकरी चक्रावून उभाच राहिला. त्याला वाटलं, लग्नाचं वऱ्हाड चुकून इकडे आलं.

एकेक जण आत जाऊन बोटांचे ठसे देऊन आली. पार्वतीबायची पाळी आली. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं तशी तिनं चार बोटं काचेवर ठेवली. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवली. लाल. दुसरा हात, अंगठे, सगळं लाल. मुलीनं काच साफ केली, ओला कागद दिला, वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी पार्वतीबायचे हात उलटे करून बघितले. चाळीस वर्षं बर्फात, मिठात आणि कोलंबीच्या टरफलांत गेलेली ती बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"आजी, ठसेच उठत नाहीत," ते सौम्यपणे म्हणाले. "हातांना आराम द्या. पंधरा-वीस दिवसांत कातडी भरून येते बऱ्याचदा. मग पुन्हा या."

रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा उठायचा नाही, पण तिथला माणूस ओळखीचा, तो मशीनवर डोळे तपासून भागवायचा. इथे तसं काही नव्हतं. बाहेर आल्यावर पार्वतीबाय पायरीवर बसली. बायका भोवती उभ्या राहिल्या.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी नाय आयली तरी बगून या."

"गप बस गो," हिरूबाय म्हणाली. "तू नाय तर कोनच नाय."

हे ऐकून तर पार्वतीबायला जास्तच वाईट वाटलं. आपल्यामुळे सात जणींचं बुडणार. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. नमितानं सगळं सांगितलं. तुळशीदासनं ऐकून घेतलं. मग तो बायकोजवळ येऊन बसला आणि तिचा हात हातात घेऊन बघत राहिला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यानं हा हात असा कधी उजेडात धरून बघितला नव्हता.

"किती दिस आराम?" त्यानं विचारलं.

"पंधरा-वीस," नमिता म्हणाली.

"आनि बाजार?" पार्वतीबाय उसळली. "गिऱ्हाईक तुटंल माझा. दुकान कोन लावील?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तेव्हा टोपली दारात नव्हती, विळी नव्हती आणि नवराही नव्हता.

अंधेरीच्या बाजारात त्या दिवशी काय झालं, ते हिरूबायनं पुढे महिनाभर सांगितलं. तुळशीदास बायकांच्या ओळीत, बायकोच्या पाटावर मांडी घालून बसला. गुडघा दुखत होता म्हणून एक पाय पसरलेला. बंदरावरचे पत्त्याचे गडी मुद्दाम बघायला आले आणि दात काढू लागले. "तुलशीभाऊ, लुगडं कुटं?" त्यानं मान वर केली नाही. पहिलं पापलेट त्यानं असं वाकडं कापलं की गिऱ्हाईक बाईनं ते परत केलं. दुसऱ्या दिवशी त्याचं बोट कापलं. चौथ्या दिवशी हिरूबायनं त्याला विळी कशी धरायची ते शिकवलं. आठवडा उलटला तसे तुकडे सारखे पडायला लागले, आणि एका गुजराती बाईंनी 'काका, तुम्ही जास्त देता' असं म्हणून रोज येणं सुरू केलं.

घरी पार्वतीबायला कशालाच हात लावू देत नव्हते. परेश भांडी घासायचा. नमिता सकाळ-संध्याकाळ तिच्या बोटांना खोबरेल चोळायची. पार्वतीबाय हात वर धरून खुर्चीत बसायची आणि तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडायची. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपली, तेव्हा ती चांगली घोरली.

मे महिन्यात ती पुन्हा त्या ऑफिसात गेली. या वेळी तिच्याबरोबर फक्त नमिता होती आणि बाहेर फाटकापाशी, बाजार लवकर आटपून आलेला तुळशीदास. तीच मुलगी काउंटरवर होती. पार्वतीबायनं चार बोटं काचेवर ठेवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

मशीन टुणकन वाजलं.

"हिरवा!" नमिता किंचाळली. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. दुसरा हात, हिरवा. उजव्या अंगठ्यानं जरा भाव खाल्ला, तिसऱ्या वेळी उठला. काउंटरवरची मुलगी स्वतःच उठून टाळ्या वाजवायला लागली. पार्वतीबायनं काचेवरून हात काढला, बोटांकडे बघितलं आणि मग त्या मुलीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

सगळ्यांचे अर्ज एकत्रच होते, म्हणून व्हिसाही आठही जणींचे एकाच दिवशी आले. नमिता पासपोर्टांची पिशवी घेऊन बाजारात शिरली तेव्हा दुपारची वेळ होती. हिरूबायनं पिशवी ओढून घेतली, एकेकीचं नाव पुकारलं आणि प्रत्येक नावाला शेजारच्या कोंबडीवाल्यानं पत्र्याचा डबा बडवला. बायका दोन ओळींमधल्या ओल्या वाटेवर नाचायला लागल्या. पार्वतीबाय मधोमध, पदर खोचून, हात वर करून. पाटावर बसलेल्या तुळशीदासनं अर्धी कापलेली सुरमई बाजूला ठेवली आणि शिट्टी मारली. तरुणपणी होडीवरून मारायचा तशी. तिनं ती शिट्टी ओळखली आणि लाजून पदरात तोंड घातलं. तरी पाय काही थांबले नाहीत.

केयूरभाई संध्याकाळी स्वतः पेढे घेऊन घरी आले. त्यांच्या बिल्बाओच्या सहलीला सोमवारच्या त्या गिऱ्हाइकांतून एकानंही नाव दिलं नव्हतं. ही पहिलीच टोळी जाणार होती.

त्यांचा चहा संपायच्या आत पार्वतीबायचा फोन वाजला. मनोरीहून कुणी मासळीवाली बोलत होती. हिरूबायकडून तिला खबर लागली होती.

"आमी बारा जनी हाव," पलीकडून आवाज आला. "आमाला पन जावाचं हाय. कसं करावाचं?"

पार्वतीबायनं हात झटकून सगळ्यांना गप्प केलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"आदी पासपोर्ट काढा," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आनि बाजार पहाटेचा बगाचा, हे आत्ताच सांगून ठेवतंय. कोन काय बोलंल ते आयकू नका. लिवून घ्या."