भोंग्यावर न आलेलं नाव

"टेप आत न्यायची नाय. काय करायचं ते हितंच कर, माज्या डोळ्यांदेखत," सोनुबाई म्हणाली आणि काउंटरवर हात आडवा टाकून बसली.

याकूबभाई आतल्या खोलीकडे निघाला होता, तो दारातच थांबला. कॅसेटच्या काळ्या फितीवर बुरशी चढली होती. ती पुसायला त्याला आतला मऊ कपडा हवा होता, एवढंच. पण हे सोनुबाईला कोण समजावणार? त्याने सुनेला हाक मारली, "फिझा, तो कपडा हिकडंच आण गं. बाय काय सोडायची नाय आपल्याला."

खालापूरला एसटी स्टँडसमोर याकूबभाईचं हे दुकान. एकेकाळी आजूबाजूच्या सगळ्या गावांची लग्नं यानेच खांद्यावर कॅमेरा टाकून काढली. आता सून तिथे झेरॉक्स आणि पासपोर्टचे फोटो काढते, आणि कुणी जुनी टेप आणली तर ती पेनड्राइव्हवर उतरवून देते. याकूबभाई नुसता बसायला येतो. जुना व्हीसीआर मात्र त्याचाच, त्याला तो कुणाला हात लावू देत नाही.

सोनुबाई लोधिवलीची. संशय तिच्या रक्तातच. दूधवाल्याने माप शिगोशीग भरून दिलं तरी ती आधी बोट बुडवून बघणार. नात रुचिता तिच्याबरोबर आली होती ती म्हातारीला आवरायला, पण आतापर्यंत पोरीने तीनदा नुसतं कपाळाला हात लावला होता.

आजचा संशय मात्र दुधासारखा किरकोळ नव्हता. तो किरणच्या लग्नापासूनचा. किरण म्हणजे सोनुबाईची लेक, रुचिताची आई. त्यांच्या घराण्यात लग्नाला धवळा, म्हणजे लग्नविधीचं गाणं, लागतो, आणि तो गाणारी धवलारीण म्हणजे सोनुबाईची थोरली जाऊ, शकू. एकच अंगण, दोन दारं. धवळ्यात आधी गावदेवीला मान, मग मुलीच्या बापाला, मग आईला. आईचं नाव आलं की लग्न पुरं झालं. त्याच वेळी मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नाही, मागच्या दारी तुळशीला पाणी घालत उभं राहायचं, हाही घराण्याचाच रिवाज. सोनुबाई तांब्या घेऊन तुळशीपाशी उभी होती आणि कान भोंग्याकडे होते, कारण त्या घरात पहिल्यांदाच भोंगा लावला होता. गावदेवीचं नाव आलं. नागूचं, तिच्या नवऱ्याचं, नाव आलं. मग भोंगा गप्प. थोड्या वेळाने पुढचं कडवं सुरू झालं. सोनुबाईचं नाव काही आलं नाही.

पाच वर्षांत किरणचा नवरा घाटात ट्रकखाली गेला. पोर कडेवर घेऊन लेक माहेरी आली, आणि सोनुबाईने मनात गाठ मारली ती मारलीच. जावेने लग्न अर्धं ठेवलं. मुद्दाम ठेवलं. अंगणात मधोमध भिंत आली. किरण कितीदा म्हणाली, "आये, काकीनं घेतलं गं तुजं नाव. माज्या कानाशी घेतलं." सोनुबाईला वाटायचं, पोर मन राखायला बोलते. शेवटी किरणने बोलायचं सोडलं, आणि आज टेप बघायलाही ती आली नव्हती. गेल्या श्रावणात शकू वारली, तेव्हा सोनुबाई भिंतीच्या अलीकडे तांदूळ निवडत बसली होती.

आता रुचिताचं लग्न ठरलं होतं. धवळा येणारी गावात एकच उरली, शकूची सून. रुचिता म्हणे, मामीलाच बोलवू या. सोनुबाई म्हणे, त्या घरातलं माणूस या मांडवात पाय टाकणार नाही. आईच्या ट्रंकेत तळाशी टेप सापडली तेव्हा रुचितानेच विषय काढला, "आजी, बघून घे एकदा. काकीआजीनं नाव घेतलं असंल तर?"

"आणि नसंल घेतलं तर?"

"तर नाय बोलवायचं. मी परत विचारणार नाय."

असा हा सौदा. म्हणून सोनुबाई आली होती, आणि म्हणून ती टेप डोळ्याआड होऊ देत नव्हती. याकूबवरही तिचा भरवसा नव्हताच. लग्नात त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या शकूच्याच घरात चार्जिंगला लागायच्या. दोन दिवस तो तिथेच जेवला. तो कुणाच्या बाजूचा ते वेगळं सांगायला नको.

"ह्ये काय लपवलंय?" तिने व्हीसीआरवर बोट ठेवलं. पुढच्या बाजूला एका जागी जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी होती.

"काय नाय गं बाय. जुनी हाय. हात नको लावू," याकूबभाई म्हणाला.

सोनुबाईने हात काढला. पण नजर तिथेच ठेवली.

फिझाने व्हीसीआरमागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी खोचल्या. त्यांचं दुसरं टोक एका काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत, आणि डबी लॅपटॉपला. टेप फिरायला लागली. लॅपटॉपवर नुसता निळा रंग.

"पुसली," सोनुबाई म्हणाली.

"नाही पुसली, मावशी. लॅपटॉप भलत्याच वायरीतून चित्र शोधतोय. त्याला पिवळी सांगायला हवी." फिझाने काहीतरी बदललं. चित्र आलं, पण काळं-पांढरं, आणि खालून वर सरकत राहिलेलं.

"आमच्या किरणच्या लग्नात रंग होता. मी हिरवं लुगडं नेसले होते."

"रंग आहे टेपमध्ये. ही डबी अमेरिकेच्या पद्धतीने लावलीय, आपल्याकडची पद्धत वेगळी. थांबा." आणखी एकदा टकटक झाली, चित्र जागेवर बसलं आणि मांडव पिवळाधमक झाला. झेंडूच्या माळा, हॅलोजनच्या उजेडात डोळे चोळणारी पोरं. किरण मुंडावळ्यांत, रुचितासारखीच दिसणारी. रुचिता एकदम स्टूल ओढून पुढे सरकली.

आणि शेजारी शकू. नऊवारी, हातात तांदळाचं ताट, ओठ हलतायत. आवाज मात्र नाही.

"आवाज का नाय?"

"बघते. आवाज आत यायला लॅपटॉपची परवानगी लागते, ती बंद असेल."

"आवाजालाच बरी परवानगी लागते," सोनुबाई पुटपुटली. याकूबभाई तिच्याकडे बघत नव्हता, हेही तिने टिपलं.

फिझा लॅपटॉपमध्ये शोधत असताना टेप पुढे चालली होती, आणि तेवढ्यात ते दिसलं. गाता गाता शकू थांबली. तोंडापुढे माइक होता, त्याच्यावर पंजा ठेवला आणि तो सरळ बाजूला लोटला. माइकवाला पोरगा गोंधळून मागे झाला.

"बघितलंस?" सोनुबाईचा आवाज थंड झाला होता. "बघितलंस गं रुचिता? आपल्या हातानं लोटला. माजं नाव यायचं तवाच. मी काय इतकी वर्सं येडी होते?"

रुचिताने स्टूल आणखी पुढे ओढलं. शकू खाली वाकली, तिची पाठच तेवढी दिसत राहिली. याकूबभाईने टेप थांबवली. सोनुबाईला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिला स्वतःलाच आवडलं नाही. इतकी वर्षं जे धरून ठेवलं ते खरं निघालं, मग छाती अशी रिकामी का व्हावी, हे तिला कळेना.

"आवाज येईपर्यंत थांबू या, मावशी," फिझा म्हणाली. "परवानगी मिळाली. अब्बा, जरा मागे घ्या."

टेप मागे गेली, पुन्हा चालू झाली आणि दुकानभर सनई वाजली. सनईमागून सिनेमातलं गाणं, सासरी चाललेल्या मुलीचं. शकूचे ओठ हलत होते आणि त्यातून कुणा सिनेमातल्या बाईचा गोड गळा येत होता.

सोनुबाई उठून उभी राहिली. "याकूब, तू पुसलास तिचा आवाज. तिनंच सांगितलं असंल. तिच्या घरचं जेवलास, तिचंच काम केलंस."

"बाय, बस. सगळ्यांच्या टेपवर गाणी घातली मी," याकूबभाई म्हणाला. त्याला लागलं होतं, पण त्याने आवाज चढवला नाही. "लोकांनाच पायजे होती. धवळा ऐकला की म्हणायचे, याकूब, ही म्हातारी काय कोकलतेय, गाणं टाक. तुज्या व्याह्यानं सांगितलं होतं. मला कुनी पुसायला नाय सांगितलं."

"मंग गाण्याखालचं गेलं कुठं?"

याकूबभाईने डोकं खाजवलं. फिझाने त्याच्याकडे पाहिलं. "अब्बा, या टेपवर आवाज दोन जागी असतो ना? तुम्ही एकदा म्हणाला होता, कुवेतवाल्या काकांनी आणलेल्या कॅमेऱ्याचं."

"असतो. गाणं फितीच्या कडेला चढतं. कॅमेऱ्यानं घेतलेला चित्राखाली ऱ्हातो. पण तो काढायचा कसा, आता ध्यानात नाय गं माज्या. किती वर्सं झाली."

"चिकटपट्टी काढ," सोनुबाई म्हणाली.

"काय?"

"ती चिकटपट्टी काढ. मघाधरनं बघतेय मी. हात लावला की तुला राग येतो. काय लपवलंयस तिच्याखाली?"

फिझाने नखाने पट्टी सोलली. खाली एक बारकं बटण होतं, डावी-उजवीकडे सरकणारं. याकूबभाई त्याच्याकडे बघतच राहिला. गिऱ्हाइकासमोर टेप लावली की कुणीतरी ते सरकवायचं आणि मग गाण्याऐवजी भांड्यांचे नि पोरांचे आवाज यायचे, म्हणून त्यानेच कधीतरी ते बंद करून टाकलं होतं. फिझाने बटण दुसरीकडे सरकवलं.

गाणं नाहीसं झालं. खरखर आली, पंख्याची घरघर आली, कुणीतरी "पाणी आणा रं" म्हणालं. आणि शकूचा आवाज आला. जाडसर, थोडा घोगरा, धवळ्याचा.

*पयला मान गावदेवीला गो, मांडवाच्या धनिणीला*
*दुसरा मान बापाला गो, लोधिवलीच्या नागूला*

सोनुबाई बसली. पडद्यावर शकूने माइकवर पंजा ठेवला, लोटला, आणि आता तिचं बोलणं ऐकू आलं.

"ह्यो घे तिकडं. आईचं नाव भोंग्यावर नाय घ्यायचं."

माइकवाला पोरगा म्हणाला, "का गं काकी?"

"गावाला काय करायचंय तिचं? ते पोरीला आयकायचं. माज्या सासूनं असंच शिकवलंय." मग शकूने मान वर करून मागच्या दाराकडे पाहिलं. "सोनू कुठं हाय रं? तुळशीकडं? ऱ्हाऊ दे. तिला कळंल."

ती किरणच्या कानाशी वाकली. कॅमेरा जवळ आला, पाठच दिसत राहिली, पण आवाज स्पष्ट येत होता, अंगाई म्हणावी तसा बारीक.

*तिसरा मान कुशीला गो, सोनूच्या कुशीला*
*तिनं दिली सोन्याची लेक, सुखी ठेव तिजला*

शकूची ओळ संपली. तिने पदराने नाक पुसलं, सरळ झाली आणि माइकवाल्याला हाताने जवळ बोलावलं.

 झेरॉक्सला एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला फिझाने खुणेनेच थांबवलं. रुचिता रडत होती. सोनुबाई रडली नाही. तिने विचारलं, "ती माजी लेक मला सांगत होती ते ह्येच ना?"

"हो, आजी."

"किती येळा सांगितलं असंल तिनं."

याकूबभाई हळूच म्हणाला, "बाय, मी ती पट्टी लावली नसती तर…"

"तू काय करनार. लावली नसतीस तरी मी म्हनले असते, याकूबनं बनवून घातला आवाज." ती फिझाकडे वळली. "पोरी, गाणं नको मला. ह्यो आवाज ठेव."

परतताना रिक्षात तिने पेनड्राइव्ह मुठीत धरला होता. लोधिवलीला उतरल्यावर ती आपल्या दाराकडे न वळता भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. त्या दारात ती एवढ्या वर्षांत गेली नव्हती. शकूची सून ओट्यावर मिरच्या वाळत घालत होती, ती उठून उभी राहिली. या म्हणाली नाही. तिची नजर सोनुबाईच्या तोंडावरून हातांवर गेली, हातांवरून मागे उभ्या रुचिताकडे गेली. म्हातारी आता काय काढते, असा चेहरा. आता संशयाची पाळी तिची होती, आणि सोनुबाईला ती नजर चांगली ओळखीची होती.

"रुचिताच्या लग्नात धवळा तू गायचा," सोनुबाई म्हणाली.

सुनेने हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणाली, "माजा आवाज बारीक हाय. भोंगा लागंल."

"बापापर्यंत भोंगा. आईचं नाव पोरीच्या कानात घ्यायचं."

"ह्ये कुनी सांगितलं तुमाला?"

"तुज्या सासूनं."

सुनेच्या कपाळाला आठी पडली. "आत्या तर मरंस्तवर तुमच्याशी बोलल्या नाय."

"बोलली होती गं," सोनुबाई म्हणाली. "मी तुळशीकडं होते."

सून आत गेली. आली ती पाण्याचा तांब्या घेऊन, आणि तो तिने ओट्यावर, मिरच्या जरा बाजूला सारून, ठेवला. सोनुबाई ओट्याच्या कडेला टेकली. भिंतीच्या या बाजूने तिला आपलंच घर कसं दिसतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. पाणी पिताना ती तिकडे बघत राहिली.