नाव न घेता केलेली प्रार्थना

एप्रिलमध्ये पॉपॉ खोऱ्यातल्या चर्चमध्ये रानकांद्याचं जेवण असतं. त्या शुक्रवारीही ओलेटा स्टॅमपर सकाळीच गोणपाट आणि खुरपं घेऊन डोंगर चढली. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात तिची एकसष्ट वर्षं गेली होती. कांदे कुठे दाट उगवतात, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. या वर्षी ते नेहमीच्या उतारावर नव्हते, म्हणून ती आणखी वर, बांधाच्या पायथ्यापर्यंत गेली.

खाणीतला कोळसा धुऊन उरलेला काळा गाळ त्या बांधामागे वीस वर्षं साठत होता. बांधाखाली खोरं होतं, खोऱ्यात चाळीस घरं होती आणि चर्च एका उंचवट्यावर होतं. पायथ्याशी तिचा बूट चिखलात रुतला. गेला पंधरवडा पावसाचा थेंब नव्हता. तिने वाकून बोट लावलं. मातीतून पाणी येत होतं.

घरी आली तेव्हा नवरा व्हर्जिल खिडकीशी बसला होता. खाणीच्या धुळीने त्याची छाती गेली होती. नाकात प्राणवायूची नळी होती. तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला. "अगं, मातीचा बांध आहे, थोडं झिरपणारच." मग थांबून त्याने विचारलं, "पाणी नितळ होतं की गढूळ?"

"काळपट. बोटाला रवाळ लागलं."

व्हर्जिलचं हसू मावळलं. बांध घातला तेव्हा तो स्वतः त्यावर राबला होता. "म्हणजे आतली माती वाहून यायला लागलीय," तो हळूच म्हणाला आणि लगेच तिचा हात धरला. "कुणाला सांगू नकोस, ओलेटा. आपला डेल्मर त्यांच्याच खाणीवर ट्रक चालवतोय. पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस."

पण ओलेटा दर रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबल शिकवायची; तिच्या वर्गात अकरा मुलं होती आणि अकराही बांधाखाली राहत होती. दुपारी ती पाळक एमॉस रॅटलिफ यांच्याकडे गेली. ते चर्चच्या पायऱ्या झाडत होते.

"ताई, चर्चचं काम आत्मे वाचवायचं," ते म्हणाले. "डोंगर, नद्या, झाडं ही शहरातल्या मोर्चेवाल्यांची खुळं. आपण त्यात पडलो तर उद्या निम्मी बाकं रिकामी होतील. खाणीवरच जगतात ना सगळे."

"पाळकसाहेब, बांध फुटला तर सगळीच बाकं रिकामी होतील."

पाळक झाडतच राहिले. त्याच त्याच पायरीवर झाडू फिरत होता, हे ओलेटाला दिसलं.

परतताना तिच्या मागून एक पांढरी गाडी अगदी संथ आली. ओलेटा घराच्या फाटकात शिरली, तशी गाडी समोर थांबली. इंजिन चालू होतं. काचा काळ्या होत्या. कुणी उतरलं नाही, कुणी बोललं नाही. ओलेटाने दाराला कडी लावली, मग त्यामागे खुर्ची सरकवली आणि आपण काय करतोय हे कळून तिला रडू फुटलं.

शनिवारी डेल्मरचा फोन आला. "आई, साहेबांनी आज मला बोलावलं. म्हणाले, तुझी आई हल्ली डोंगरावर कशाला जाते?"

तिने सांगितलं होतं फक्त दोघांना, आणि नवऱ्याने तर घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्या चर्चमध्ये एक जुनी रीत होती. प्रार्थनेच्या वेळी ज्याला आपलं दुःख उघड करायचं नसेल, त्याने नुसता हात वर करून म्हणायचं, 'न सांगितलेलं.' मग सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करत. रीत मायेची होती. पण बांध झाल्यापासून ती गप्प राहायची सोय झाली होती. विहिरींचं पाणी काळं झालं, मुलांच्या अंगावर चट्टे आले, तरी हात वर जात आणि नाव कुणी घेत नसे. जे देवासमोरही बोलायचं नाही, ते दुसरीकडे कुठे बोलणार?

रविवारी एकेक हात वर गेला. न सांगितलेलं. न सांगितलेलं. ओलेटा पुढचं बाक घट्ट धरून उभी राहिली.

"मी नाव घेणार आहे," ती म्हणाली. "वरच्या बांधातून गढूळ पाणी येतंय. मी स्वतः हात लावून पाहिलंय. आपली लेकरं त्याखाली झोपतात. नुसती प्रार्थना नको, सरकारी तपासनिसांना चर्चच्या नावाने पत्र जाऊ दे."

मागून एक बाई कडाडली, "घाल, स्वतःच्याच पोराच्या ताटात माती घाल! आणि आमच्याही!"

गारलंड मसी उठला. चर्चचा वडीलधारा आणि खाणीवरचा मुकादम. तो मधल्या वाटेने तिच्याकडे येऊ लागला. ओलेटाला वाटलं, हा आता दंडाला धरून बाहेर काढणार. तिने डोळे मिटले. पावलं तिच्याजवळ थांबली.

"ती खरं बोलतेय," गारलंडचा आवाज फाटला होता. "बांधाची पाहणी मीच करतो. तीन महिने झाले, ओल दिसते आणि मी 'कोरडं' लिहितो. मला तसंच लिहायला सांगतात. माझी नात हिच्या वर्गात आहे."

कितीतरी लोक उठून गेले. मागे एकोणीस उरले. त्यांनी तिथेच पत्र लिहिलं, सह्या केल्या. पाळकांनी सही केली नाही, पण बांधाखालच्या घरांसाठी त्यांनी चर्च उघडं ठेवलं. बुधवारी तपासनीस आले. ते पायथ्याशी फार वेळ थांबले नाहीत, धावतच खाली आले. अकरा दिवस पंप चालले, गाळ उपसला गेला, आणि अकरा दिवस लेकरं चर्चच्या बाकांवर झोपली.

बांध फुटला नाही. म्हणून गाव म्हणू लागलं, "बघा, काही झालं का? म्हातारीने उगाच घाबरवलं." डेल्मरची नोकरी गेली, गारलंडचीही. पांढरी गाडी अजून अधूनमधून फाटकाशी थांबत होती. पंप थांबल्यावर दहाव्या दिवशी पाळक दारात येऊन टोपी हातात घेऊन म्हणाले, "त्या दिवशी मीच तुझं नाव खाणवाल्यांना सांगितलं, ताई. मला भीती वाटली." ओलेटा म्हणाली, "मलाही वाटते. आत या." त्यानंतर तपासनिसांना गेलेल्या पुढच्या पत्रावर पाळकांची सही पहिली होती.

मे महिन्यात एका अनोळखी बाईचा फोन आला. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून. आवाज दबका होता, जणू शेजारच्या खोलीत कुणी ऐकत होतं. "आमच्याही वर एक बांध आहे हो. आमचे पाळक म्हणतात, हे चर्चचं काम नाही. तुम्ही येऊन बोलाल का?"

ओलेटाने खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाशी गाडी उभी होती, इंजिन चालू होतं.

"येते," ती म्हणाली. "तुमच्याकडे प्रार्थना किती वाजता असते?"