निंगप्पांचा चिनी कुंचला

मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याजवळ एका पत्र्याच्या दुकानात खिळ्याला उलटा टांगलेला मी एक म्हातारा कुंचला आहे. बाहेरून बस गेली की पत्रा थरथरतो आणि मीही हलतो. धक्क्याने हलतो, असे लोकांना वाटते. वाटू द्या.

माझा जन्म इथला नाही. चीनमध्ये एका कारागिराने शेळीचे केस पाण्यात विंचरून, दोऱ्याने बांधून, बांबूच्या दांडीत बसवून मला घडवले. तिथे माझ्या जातीला फार जुन्या काळापासून नावे आहेत. एका राज्यात आम्हाला ‘यू’ म्हणत, दुसऱ्यात ‘फू’, तिसऱ्यात ‘पुल्यू’, आणि शेवटी टिकले ते ‘पी’. कुणी केसांवरून ‘हाओ’ म्हणे, कुणी पिसावरून ‘हान’. त्यांतले ‘यू’ लिहायचे तर फार पूर्वी काडी धरलेला हात काढत. हाताशिवाय आमचे नावच पुरे होत नसे. लहानपणी हे ऐकले तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नव्हते.

आणखी एक गोष्ट तिथे सांगत. एका भिक्षूने आयुष्यभर लिहून झिजलेले कुंचले फेकले नाहीत, तर पुरले आणि वर थडगे बांधले. तेव्हापासून प्रत्येक कुंचल्याला तीच आस असते. मलाही होती.

सोलापूरला मी आलो एका चिनी आजींच्या पिशवीतून. कधीकाळी इथून चीनला गेलेल्या एका डॉक्टरांच्या आठवणीसाठी तिकडचे पाहुणे अधूनमधून येतात, त्यांतल्या त्या एक. स्वागताचा फलक निंगप्पा पेंटरांनी रंगवला होता. कागदावरची चिनी अक्षरे त्यांनी हुबेहूब उतरवली आणि मग मराठी पाट्यांच्या सवयीने त्या सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून एक लांबलचक रेघ ओढून दिली! आजी हसून हसून डोळे पुसू लागल्या. निंगप्पांचा चेहरा पडला.

“रेघ नसली तर अक्षरं उघडी वाटत्यात की वो,” ते दुभाष्याला म्हणाले. ते कळल्यावर आजींचे हसू थांबले. त्यांनी पिशवीतून मला काढले आणि दोन्ही हातांनी निंगप्पांच्या हातात ठेवले.

पहिल्याच दिवशी निंगप्पांनी मला रॉकेलमध्ये बुडवले. पेंटरचा ब्रश रॉकेलनेच धुतात, त्यांचे तरी काय चुकले? माझा जीव मात्र कासावीस झाला. त्यांच्या पत्नी पार्वतम्मांनी मला उचलून नळाखाली धरले. त्यांच्या कन्नडात मी ‘कुंच’. “ह्ये कुंच पान्याचं हाय, तेलाचं न्हाय वो,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून मला रोज पाणी मिळू लागले.

निंगप्पा मला काजळाच्या शाईत बुडवून आधी अक्षरे काढत, मग त्यांवर दुसऱ्या ब्रशने ऑइलपेंट चढवत. रेघ सर्वांत शेवटी, श्वास रोखून, एका दमात. शाळा, पिठाच्या गिरण्या, शेंगा चटणीची दुकाने, सगळ्यांची नावे माझ्या केसांतून गेली. लोक मान वर करून ‘लई झ्याक’ म्हणत. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचे काम आटले. उरली ती समाध्यांवरची नावे. निंगप्पांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळव्यावर त्याचे गळ्यातले इष्टलिंग ठेवतात, वर समाधी बांधतात. गेलेल्यांची नावे लिहिता लिहिता आम्ही दोघे म्हातारे झालो.

मागच्या वर्षी निंगप्पाच गेले. त्यांच्या डाव्या हाती इष्टलिंग होते, उजवा हात रिकामा. त्यांची लेक महेश्वरी मला तिथे ठेवायला वाकली. मित्रांनो, केवढे सुख झाले मला! पण पार्वतम्मांनी तिचे मनगट धरले.

“ह्ये बी गेलं, तर ह्यांचं नाव कोन लिवनार?”

माती पडली आणि मी वरच राहिलो.

महेश्वरी वडिलांजवळच, तिच्या अप्पांजवळच, लिहायला शिकली होती. तिने सराव म्हणून रद्दीवर ‘न’ काढला. तो तिचा नव्हता, अप्पांचा होता, त्यांच्या खास वळणाचा. ‘प’ काढला, तोही तसाच. तिने घाबरून मला टाकले. मी काय करणार? माझ्या दांडीवर त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. त्या खळग्यात त्यांचा अंगठा अजून होता, गार पडलेला, आणि तो मला ओढत होता. मला तो हवाही होता आणि त्याची भीतीही वाटत होती.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. वर्षाची पूजा जवळ आली. समाधी बिननावाचीच होती. “मशीनवर ग्रॅनाइटमध्ये कोरून आणू, विषय संपला,” धाकटा भाऊ बसवेश म्हणाला. पार्वतम्मा नुसत्या मला पाणी पाजत राहिल्या. ते पाहून महेश्वरी उठली आणि मला व आईला घेऊन समाधीवर गेली.

अक्षरे अप्पांच्याच वळणाची उमटली. तिने उमटू दिली. रेघ मात्र निघेना. अप्पांचा हात एकीकडे ओढी, तिचा दुसरीकडे. मी मधल्यामधे थरथरत होतो. तिने डोळे मिटले.

“अप्पा, सोडा की आता. जमतंय मला.”

आणि हात सुटला. तिने एका दमात रेघ ओढली. ती तिची स्वतःची होती, जराशी चढती. माझा एक केस तुटून त्या रेघेतच चिकटला. महेश्वरी तो नखाने काढू लागली, तर पार्वतम्मा म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं. तेवढाच त्यांच्यासंगं.” त्यावर रंग चढला. मित्रांनो, तेवढा मी पुरला गेलो.

तुमच्याही घरी गेलेल्या माणसाच्या हातातले काहीतरी असेल. ते फेकू नका, कपाटात कोंडूही नका. धुवा, पुसा, वापरा. आम्हाला हात लागतो.

महेश्वरीचा अंगठा आता माझ्या दांडीवर वेगळ्या जागी बसतो. तिथेही कधीतरी खळगा पडेल. जुन्या खळग्याकडे ती बोट नेत नाही. तो रिकामा आहे हे मला ठाऊक आहे, तरी बस गेली आणि पत्रा थरथरला, की मी आधी तिथेच चाचपून पाहतो.